घराण्याचा मणी

नागपुरात माणसं ओळखणारी माणसं पुष्कळ असतील, पण तोंडाकडे न बघता माणूस ओळखणारा माझ्या चुलत सासऱ्यांखेरीज दुसरा झाला नाही आणि पुढे होणार नाही, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगायला तयार आहे. ते कान बघत. कान टोपीखाली गेले असतील तर कपाळावरची केसांची रेघ, नाही तर करंगळी, नाही तर चालताना बाहेर पडणारा डावा पाय. समोरचा माणूस स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडेपर्यंत काकाजींनी त्याचा आजा, पणजा, आजोळ आणि आजोळची विहीर सांगून टाकलेली असे. आमच्याकडे चुलत सासऱ्यांना काकाजी म्हणतात. एकदा मी त्यांच्यासोबत कामठीहून बसने येत होते. शेजारच्या बाकावर छावणीतला एक जवान बसला होता, रंगाने, उंचीने आणि बोलीने उघडच पंजाबकडचा. काकाजींनी त्याच्या कानाच्या पाळ्या बराच वेळ न्याहाळल्या आणि विचारलं, "आपके नानाजी हिंगणघाट के तो नहीं?" तो बिचारा जालंधरचा निघाला. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. काकाजी मला म्हणाले, "म्हणजे हिंगणघाटचं कोणी तरी तिकडे गेलं असन." मग नागपूर येईपर्यंत ते आठवत बसले आणि उतरायच्या आत त्यांना आठवलाच, घरी भांडून फौजेत पळून गेलेला हिंगणघाटचा एक माणूस. त्या जवानाला त्यांनी हे सविस्तर समजावून सांगितलं. त्याने उठून त्यांना सलाम केला. मी पदर तोंडावर घेऊन खिडकीबाहेर बघत होते.

हा माणूस नोकरी कुठे करत होता, तर एका सरकारी कचेरीच्या नक्कल शाखेत. जुन्या दस्तऐवजांवरून हाताने नकला उतरवायच्या, मुळाशी ताडून पाहायच्या आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा. साऱ्या नोकरीत त्यांनी दुसरं काही केलं नाही आणि निवृत्त होऊन प्रताप नगरात घर बांधल्यावर हेच काम माणसांवर सुरू केलं. विदर्भातल्या आमच्या जातगोतात कोणतीही सोयरीक काकाजींना विचारल्यावाचून होत नसे. फलाण्याच्या घरी दमा आहे, बिस्तान्याच्या घरी चाळिशीत डोकं फिरतं, तिसऱ्याच्या घरच्या बायका ऐंशी वर्षं दाताने ऊस सोलतात, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दडवादडवी त्यांना खपत नसे. सख्ख्या साळीच्या मुलाची सुपारी फुटत होती, पाहुणे बसले होते, पान फिरत होतं, आणि काकाजी मध्येच उठून म्हणाले, "पोट्ट्याले रातचं दिसत नाई. हे तुमाले कोणी सांगितलं काय?" कोणी सांगितलेलं नव्हतं. सुपारी अखंडच राहिली आणि साळीने पुढे कित्येक वर्षं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही. काकाजींना त्याचं काही वाटलं नाही. "जे मुळात आहे तेच उतरवाचं," ते म्हणत, "आपल्या मनचं लिहाचं नाई."

माझं स्वतःचं लग्न त्यांनीच जमवलं. अमरावतीला ते मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला बघितलंच नाही. पोह्यांची बशी खाली ठेवून ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलीची आजी बलवा जी." आजी काठी टेकत आली. तिचे कान बघून झाले, तिला दारापर्यंत चालवून झालं, सुईत दोरा ओवायला लावून झालं. तिने तो पहिल्याच झटक्यात ओवला आणि मी पास झाले. आता आमची पाळी म्हणून माझ्या वडिलांनी मुलाची चौकशी सुरू केली, तर काकाजींनी आपल्या पुतण्याकडे वळून भर बैठकीत हुकूम सोडला, "वरचं बटन काढ गा. दाखव मणी."

त्या गृहस्थाने लाजत वरचं बटण काढलं आणि हनुवटी उंच केली. मी चोरून पाहिलं आणि थक्क झाले. गळ्याच्या खळगीच्या वर, एका अंगाला, बोराएवढी गाठ होती आणि तो घाबरून आवंढा गिळत होता तसतशी ती खालीवर होत होती. माझ्या वडिलांचा चहाचा घोट तिथेच अडकला. काकाजींचा चेहरा मात्र सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखा उजळला होता. ते म्हणाले, "घराण्याची खूण आहे जी आमच्या. सगळ्यालेच येत नाई. ज्याले मणी, त्याच्या हातून घराण्याचं नाव निंघते." त्यांनी स्वतःच्या गळ्यावरचा मणी दाखवला. तो सुपारीएवढा होता. लग्नाआधी मी नवऱ्याचा चेहरा धड पाहिला नव्हता, गळा मात्र पुरता पाहिला होता.

सासरी आले तर बैठकीच्या भिंतीवर सगळे मणीवाले ओळीने टांगलेले. काकाजींचे आजोबा, वडील, एक आत्या, आणि माझे सासरे, जे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. छायाचित्र काढताना प्रत्येकाला मान किंचित वर करायला लावलेली. घरातल्या प्रत्येक पाहुण्याला काकाजी ही ओळ दाखवत. त्यातला कोणीही फार जगलेला नव्हता, पण त्याला प्रत्येकी वेगळं कारण होतं. आजोबांना संत्र्याच्या बागेने दगा दिला म्हणून ते खंगले, आत्याला सासुरवास होता, सासऱ्यांना कचेरीतली बदली मानवली नाही. मणीवाल्यांचं पोटही हळवं असे. पंगतीत वडाभात झाला की मणीवाले तांब्या घेऊन घाईने उठत आणि काकाजी अभिमानाने म्हणत, "मोठ्या माणसाचं पोट नाजूकच राहते." रोज पूजा झाली की ते कपाळाला अष्टगंध लावत आणि उरलेलं बोट मण्याला. घरात बारसं असलं की नाव ठेवायच्या आधी बाळाचा गळा चाचपत. माझ्या मुलाच्या बारशाला त्यांनी गळा चाचपला, काही हाताला लागलं नाही, तर माझीच समजूत काढत म्हणाले, "येईन, येईन. घाई नाई." आज ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी मी हसून त्यांना पेढा दिला होता.

मग त्यांचा आवाज बसला. घरात कोणी माठातल्या पाण्याला दोष दिला, कोणी कूलरच्या वाऱ्याला. ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. आवाज येईना तशी घास गिळतानाही ते थांबायला लागले. तेव्हा डॉक्टरांनी मण्यातला सुईभर तुकडा काढून मुंबईला पाठवला. निकाल ऐकायला त्यांच्यासोबत मी गेले, कारण काकूंना दवाखान्याच्या वासानेच घेरी येई. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, फार हळू बोलणारे. त्यांनी निकाल सांगितलाच नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे घेतला आणि विचारलं, "काकाजी, तुमच्या घरात आणखी कोणाच्या गळ्याला अशी गाठ आहे का?"

काकाजी खुर्चीत ताठ झाले. आयुष्यात पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसाने आपण होऊन त्यांना घराणं विचारलं होतं. बसक्या आवाजात त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली. डॉक्टर पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढत होते, मुलं खाली रेघांनी टांगत होते. काकाजींना ती रीत इतकी आवडली की त्यांनी मला जवळ बोलावलं, "पाहा सूनबाई, कसं नीट उतरून राहिले." मग डॉक्टर मणीवाल्यांचे चौकोन आणि गोल पेन्सिलीने काळे करू लागले. हे कशाने गेले? किती वयाचे होते? पोटाचा त्रास होता का? काकाजी सांगत होते. संत्र्याची बाग, सासुरवास, बदली. सांगता सांगता त्यांचा आवाज आणखी खाली जात होता, कारण ज्या घरात काळा चौकोन होता त्याच घरात पुढचा काळा चौकोन येत होता, आणि जिथे आईबाप दोघेही कोरे होते तिथे खाली सगळे कोरे. आजोबा काळे, वडील काळे, आत्या काळी, सासरे काळे. कागद भरत आला तेव्हा बाग, सासुरवास आणि बदली यांचं नावही कोणी घेत नव्हतं.

"हा कर्करोग आहे," डॉक्टर म्हणाले. "थायरॉईड म्हणून गळ्यात ग्रंथी असते, तिचा. सगळ्या गळ्याच्या गाठी अशा नसतात. थायरॉईडचा कर्करोगसुद्धा बहुतेकांना असा होत नाही. त्यांच्यात एखाद्या पेशीतच बिघाड होतो आणि तो त्या माणसाबरोबर संपतो. तुमचा प्रकार वेगळा आहे. हा जन्मतःच अंगातल्या प्रत्येक पेशीत आलेला असतो. आपल्या पेशींमध्ये जनुकं असतात, शरीर कसं चालवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. आईबापाकडून मुलात उतरताना त्यांची नक्कल होते. तुमच्या कुठल्या तरी पूर्वजात ती नक्कल होताना एका जनुकात चूक झाली. त्या चुकीमुळे या ग्रंथीतल्या काही पेशींना थांबायचं कळत नाही, त्या वाढत राहतात."

काकाजींनी पणजोबांच्या चौकोनापासून खालपर्यंत रेघांवरून बोट नेलं. मग म्हणाले, "म्हणजे चुकीच्या नकलेवरून पुढच्या नकला उतरत राहिल्या."

"हो."

"अन् आमी त्याच्यावर खरी नक्कल म्हणून शिक्का मारत राहिलो." त्यांनी घसा खाकरला, आवाज आला नाही, पुन्हा खाकरला. "मूळ कागद पाहून दुरुस्त कराले येते ना जी?"

डॉक्टरांनी मान हलवली. ते जनुक नेमकं कोणतं हे अजून जगात कोणालाच सापडलेलं नाही, म्हणाले. आज हातात एवढंच होतं, की ज्यांच्यात ते उतरलं असेल त्यांना वेळेवर शोधायचं आणि गाठ पसरायच्या आत ग्रंथी काढून टाकायची. मणीवाल्याच्या प्रत्येक मुलाला निम्मा धोका. प्रत्येकाचा गळा तपासायचा, आणि या पेशी रक्तात जे द्रव्य सोडतात, ज्याने पोटही बिघडतं, ते मोजायला रक्त मुंबईला पाठवायचं. "तुमचं ऑपरेशन करू," ते काकाजींना म्हणाले, "पण तुम्हाला फार उशीर झालाय. बाकीच्यांना झालेला नाही."

बाकीचे म्हणजे कोण हे कळायला मला एक क्षण लागला. मला अमरावतीची बैठक दिसली, वर झालेली हनुवटी दिसली. "माझ्या नवऱ्याला मणी आहे," मी म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर एक चौकोन काळा केला, त्याच्याखाली लटकणाऱ्या चौकोनावर पेन्सिल टेकवली आणि तो कोराच ठेवला. तो माझा मुलगा होता. आम्ही रिक्षाने घरी निघालो. रस्ताभर काकाजींनी कोणाच्या कानाकडे बघितलं नाही.

घरी वेगळंच संकट वाट बघत होतं. काकाजींची धाकटी मुलगी, आमची बेबी, हिची सुपारी बेसाच्या एका सधन घरी फुटली होती. बेसा तेव्हा गावच होतं. वैशाखातला मुहूर्त धरलेला होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि हात जोडले. "लगन होऊन जाऊ द्या जी. मंग साऱ्या दुनियेले सांगा. महिनाभर तर गप बसा." मला काकूंचं पटलं, हे मी स्पष्ट सांगते. त्या घडीला बेबीच्या जागी कोणाचीही मुलगी असती तर मी हेच म्हटलं असतं.  सकाळी उठून काकाजींनी कोट चढवला, टोपी घातली आणि बेसाला गेले. व्याह्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते परत येऊन आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. "आमच्या मण्याले कर्करोग निंघाला. बेबीचा गळा अजून तपासला नाई. तुमाले ठाऊक असावं म्हणून आलो." व्याह्यांनी त्यांना ताक दिलं, बसस्टॉपपर्यंत पोचवलं आणि आठवड्याच्या आत सुपारी परत आली. काकू त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बेबी तर जेवणाचं ताट त्यांच्यासमोर ठेवून न बघता आत जाई. काकाजी म्हणाले, "त्याहिचं चुकलं नाई. मी त्याहिच्या जागी असतो तर मीही नाईच म्हटलं असतं." यावर त्यांच्याशी भांडायचं तरी कसं?

आणि मग सुरू झाला तो प्रकार आठवला की मला अजून हसावं की रडावं कळत नाही. ऑपरेशन झालं, गळ्याला पट्टी, आवाज पार गेलेला, नुसती कुजबूज. अशा अवस्थेत हा माणूस हातात पाण्याचा तांब्या घेऊन भर मे महिन्यात पणजोबांपासून पसरलेल्या साऱ्या गोतावळ्यात फिरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घोट गिळताना गाठ वर सरकते आणि दिसते. तेवढंच धरून काकाजी कोणाच्या लग्नात जात, मांडवाच्या दारात उभे राहत आणि आल्या सोयऱ्याच्या तोंडाला तांब्या लावत. "घोट घ्या." पाहुण्याला वाटे, उन्हातून आलो म्हणून पाणी देऊन राहिले. तो घोट घेई आणि काकाजी त्याच्या गळ्याला नाक लावून बघत. एका नवरदेवाला त्यांनी घोड्यावरून उतरायच्या आत पाणी पाजलं. बघता बघता बातमी पसरली, आणि नागपूरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात आमच्या सोयऱ्यांमधले पुरुष गळ्याला मफलर गुंडाळून लग्नांना येऊ लागले. बायका पदर हनुवटीपर्यंत ओढत. "काकाजी येऊन राहिले, गळा झाका," असं लोक एकमेकांना सांगत. ज्यांच्या दारी पूर्वी सोयरीक विचारायला लोक ताटकळत, त्यांना बघून आता माणसं मागच्या दाराने निघून जात. एकाने तोंडावर सांगितलं, "तुमीच मिरवलं ना जी आयुष्यभर? आता आमच्या पोट्ट्याहिची लग्नं मोडाले निंघाले?"

शेजारीच असलेल्या आमच्या घरातही तेच. माझा नवरा ऐकेचना. मला काही होत नाही, मी ठणठणीत आहे, म्हणे. काकाजी रोज येऊन ओसरीवर बसत. एके दिवशी यांचा तोल सुटला. "लहानपणापासून तुमीच म्हटलं, मणी म्हणजे मान. वरचं बटन काढून गावभर दाखवत फिरवलं मले. आता म्हणता काप."

काकाजींची कुजबूज ऐकायला मला दाराशी यावं लागलं. "हौ," ते म्हणाले. "मीच दाखवत फिरवलं. म्हणून मीच सांगून राहिलो. दुसरा कोणी सांगन तर तू ऐकशीन काय गा?"

हे उठून आत गेले, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचले. गाठ पसरलेली नव्हती. ग्रंथी काढली, रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी जन्माला चिकटली आणि गळ्यावर एका कानाखालून दुसऱ्या कानाकडे जाऊ पाहणारा बारीक व्रण राहिला. या व्रणाचा यांना भारी संकोच. कितीही उकडो, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. काकाजींपुढे तर मुद्दाम. हळूहळू सोयऱ्यांमधला एकेक जण मफलर सोडून गुपचूप नागपूरला येऊन जाऊ लागला. कोण आलं, कोणाचं ऑपरेशन झालं, काकाजींना कोणी कळवलं नाही. लाजेने म्हणा, रागाने म्हणा. डॉक्टर तेवढे त्यांना सांगत, "काम चाललंय." बेबीचं आणि माझ्या मुलाचं रक्त चांगलं आलं, दरवर्षी बघत राहू, म्हणाले. काकूंना वाटलं, तो निकाल घेऊन बेसाला जावं. काकाजी गेले नाहीत. पुढे एका शाळामास्तराने तिला आपण होऊन मागणी घातली. त्याला काकाजींनी सगळं सांगितलं, पण त्याची आजी बोलवा म्हणाले नाहीत आणि त्याच्या कानाकडे तर बघितलंच नाही. मला ते बघवेना. तांब्या फिरवणाऱ्या काकाजींना मी हसले होते, हे असे मुकाट बसलेले काकाजी मला नको होते.

ते गेले तेव्हा हिवाळा होता. तेरवीला कोण येणार, असं काकू म्हणत होत्या. मफलरवाल्यांच्या घरून तर कोणी येणार नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो. प्रताप नगरच्या अंगणात सतरंज्या घातल्या, पाटवड्यांचा वास सुटला, आणि माणसं यायला लागली. काटोलकडचे आले, हिंगणघाटचे आले, वरोऱ्याचे आले. एकाच्याही गळ्याला मफलर नव्हता. ते भिंतीशी ओळीने बसले, पहिली दोन बटणं मोकळी सोडून, आणि प्रत्येकाच्या गळ्यावर तो बारीक आडवा व्रण. बायकांचे पदर खांद्यावर. मी वाढायला निघाले होते ती दारातच थबकले. काकाजींचा फोटो समोर पाटावर ठेवला होता, मान जरा वर केलेला. ते असते तर त्यांनी यातला एकही कान बघितला नसता. दारातूनच ओळखलं असतं त्यांनी सगळ्यांना.

हे ओळीच्या टोकाला बसले होते, बटण गळ्यापर्यंत लावून. त्यांनी एकवार आजूबाजूला बघितलं, मग फोटोकडे. मग कोणी सांगितलेलं नसताना त्यांचा हात वर गेला, त्यांनी वरचं बटण काढलं आणि हनुवटी थोडी उंच करून ते तसेच बसून राहिले. मी त्यांच्या पानात वाढलं तेव्हा ते म्हणाले, "अजून एक पाटवडी दे," आणि मी वाढली.